माझं वाक्य मला संपवू द्या

मी घोषणा देणारा माणूस. शिरूरच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतो आणि उरलेला वेळ चळवळीला देतो. पत्रक मीच लिहायचं, मीच जुळवायचं, आणि मोर्च्याच्या पुढं उभं राहून त्यातलं मीच ओरडायचं. एकोणतीस वर्षांचा असताना माझी आवाजाची पेटी कापून काढली. पेटीवर गाठ होती, कॅन्सरची. हा शब्द लोक दारं लावून बोलतात, म्हणून मी तो सुरुवातीलाच लिहून टाकतो.

आज मी बोलतो. आवाज घोगरा आहे, लहान आहे, बाजारात बुडतो. पण माझा आहे. असं बोलता येतं हे मला कुणीही आधी सांगितलं नव्हतं. त्याचा राग मला अजून आहे आणि तो राग गेल्यावर लिहायला बसायचं ठरवलं असतं तर हे कधीच लिहून झालं नसतं. ज्यांच्या गळ्याला सुरी लागायची आहे किंवा लागून गेली आहे, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावं.

फाटलेल्या घशाचं कौतुक

घसा बसला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. दुष्काळाचे दिवस होते. खडी फोडायच्या कामावर बायांना सावली नव्हती, प्यायला पाणी नव्हतं, आणि आम्ही रोज कुठं ना कुठं ओरडत होतो. आमच्यात बसलेला घसा म्हणजे काम केल्याची खूण. सभा संपल्यावर ज्याचा आवाज साफ, तो मागं उभा राहून शेंगा खात होता असं आम्ही समजायचो. माझा घसा दोन-तीन महिने बसलेलाच राहिला तर वस्तीत कौतुक झालं. "बबनचा आवाज बघा, पार फाटलाय!" असं पोरं एकमेकांना सांगायची. मीही मेडल लावल्यासारखा तो आवाज घेऊन फिरत होतो. वर बिड्या चालूच.

आईनं ज्येष्ठमध दिलं. शेजारची सखूआत्या हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावायची आणि समोर उभी राहून मोजायची. मग कानात कळ मारायला लागली. एक दिवस थुंकीत रक्त दिसलं. माझी बायको शांता म्हणाली, "आता घोषणा पुरं. पुण्याला चला."

माझी विनंती आहे, आणि ती मी घोषणेच्या मोठ्या टायपात जुळवली असती: तीन आठवड्यांच्या वर घसा बसला तर कौतुक करू नका, डॉक्टरला दाखवा.

बाकावर

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात माझ्याबरोबर माझा मामा आला होता. गळ्यातून तुकडा काढून तपासायला दिला होता, त्याचा निकाल यायचा होता. नाव पुकारलं, मी उठलो. तर आतून आवाज आला, "पेशंटला बसू द्या. बरोबर कोण आहे?"

मामा आत गेला. मी बाहेर बाकावर. गळा माझा, तुकडा माझा, आणि निकाल मामाला! मामा बाहेर आला तेव्हा टोपी हातात होती. तो टोपी कुणाच्या मयतीशिवाय काढत नाही.

"काय म्हणाले?"

"काय न्हाई. साधी गाठ हाय. काढायची."

"मामा, माझ्याकडं बघून बोल."

"चल, च्या पिऊ आदी."

मी त्याला बाकावर बसवलं आणि दार ढकलून आत शिरलो. तेव्हा आवाज कुजबुजीएवढाच उरला होता, तरी होता तेवढा लावला. "डॉक्टरसाहेब, पत्रकं काढणारा माणूस आहे मी. मला वाचता येतं, समजतं. जे मामाला सांगितलं ते मला सांगा."

त्यांनी खुर्ची दाखवली आणि सांगितलं. नाव सांगितलं. पेटी पूर्ण काढावी लागेल म्हणाले. गळ्याला पुढं भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा, नाकातोंडातून नाही.

"मग बोलायचं कसं?"

"आधी जगा," ते म्हणाले.

या दोन शब्दांवर मी किती दिवस चडफडलो! बोलल्याशिवाय जगणं म्हणजे काय, हे यांना कुठलं कळायला? आज राग थोडा उतरला आहे. त्यांच्या हातानं मी जगलो, आणि हात चांगला होता. पण डॉक्टरसाहेब, "आधी जगा, मग बोलायलाही शिकाल" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

जुन्या आवाजातलं शेवटचं वाक्य

आधी विजेचे शेक दिले, म्हणजे रेडिएशन. फरक पडला नाही. ऑपरेशन ठरलं.

आदल्या दिवशी मी ठरवलं की उद्या टेबलावर जायच्या आधी काहीतरी बोलायचं. शेवटचंच आहे तर लक्षात राहील असं. दिवसभर पडल्या पडल्या मनात मजकूर जुळवत होतो. आईविषयी एक वाक्य, शांताविषयी एक, चळवळीविषयी दोन. सकाळी ढकलगाडी आली, दोघांनी मला उचललं, आई रडायला लागली, शांतानं माझा हात धरला, आणि मी म्हणालो,

"माझी एक चप्पल कुठं गेली?"

हेच ते. त्यानंतर तो आवाज परत ऐकू आला नाही. शांता अजून सांगते आणि हसते. चप्पल खाटेखाली होती.

वॉर्ड

जाग आली तेव्हा नाकात नळी, गळ्यात नळी. ओरडायला गेलो तर छातीतली हवा गळ्याच्या पुढून फुस्स करून निघून गेली. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व काढल्यावर जाते तशी. त्या क्षणाची भीती मी लिहून सांगू शकत नाही, पण एवढं सांगतो: ती पहिल्या दिवशी सगळ्यात मोठी असते, आणि नंतर तेवढी मोठी कधीच होत नाही.

गळ्यातली नळी कफानं भरायची. मग सिस्टर यायच्या, मशीन लावून कफ ओढून काढायच्या. ते होईपर्यंत बुडत्या माणसासारखं होतं. बोलावायचं तर आवाज नाही, म्हणून उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा. पेला वाजवला की केरळच्या एक सिस्टर होत्या त्या हातातलं टाकून यायच्या. मराठी मोडकं. "वाजव, वाजव, लाजू नको. तू वाजवला नाही तर मला कळणार कसा?" असं म्हणायच्या. त्या बाईनं मला मरू दिलं नाही, आणि पेला वाजवण्याची लाजही वाटू दिली नाही. दोन्हीबद्दल मी ऋणी आहे.

मी रडलो तर आवाज नाही, हसलो तर आवाज नाही. आई खाटेजवळ बसून सगळ्यांना सांगायची, "माझ्या लेकराला रडायलासुदिक आवाज ठिवला न्हाई." मला तिचा राग यायचा. आता वाटतं, माझ्या वाटचं तीच रडत होती, आणि आवाजासकट.

घरी सोडायच्या दिवशी त्याच सिस्टर म्हणाल्या, "तू तिकडचाच ना, शिरूर? दौंडला एक म्हातारा गार्ड आहे. त्याचा पण पेटी काढला. तो बोलतो."

शांतानं आणून दिलेल्या पाटीवर मी लिहिलं: खोटं.

"खोटं काय? इथं येतो तपासायला. माझ्याशी भांडतो पण."

बहिरा नाही

घरी आलो. श्वास गळ्यातून, म्हणून नाकाला वास नाही. भाकरी करपली तर मला सगळ्यात शेवटी कळायचं, तेही धूर बघून. गरम चहावर फुंकर मारता येत नाही, बशीत ओतून वाट बघायची. घोडनदीत पोहणं कायमचं बंद. भोकावर सुती रुमाल, तो थोडा ओला ठेवायचा, नाहीतर शिरूरची धूळ थेट छातीत. हे सगळं जमतं. महिनाभरात हाताला सवय लागते.

लोकांची सवय लागायला जास्त वेळ लागतो. मला बोलता येईना, तर लोक माझ्याशी ओरडून बोलायला लागले. "ब-ब-न-रा-व! बरं हाय का?" कानाशी येऊन! अहो, पेटी गळ्यातली काढली, कान जागेवर आहेत! मी पाटीवर तसं लिहून दाखवायचो. ज्यांना वाचता यायचं ते लाजायचे. आईला आणि सखूआत्याला वाचता येत नव्हतं. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या आईशी बोलायला हातवारे करावे लागत होते.

एक दिवस पाटी भिंतीला टेकवून ठेवली, आणि दौंडची एस.टी. धरली.

गार्डसाहेब

सिस्टरनी सांगितलेले ते गार्ड, पिंटोसाहेब, स्टेशनच्या मागं राहायचे. रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते, मुंबईला ऑपरेशन झालेलं. दारात बनियन घालून उभे, गळ्याला माझ्यासारखाच रुमाल. मी पाटीशिवाय गेलो होतो, नुसता गळ्याला हात लावला.

"आव," ते म्हणाले. "किसने भेजा? सिस्टरने?"

आवाज जात्यात हरभरा भरडल्यासारखा होता. पण बोलणं होतं. शब्द, मधे थांबा, पुन्हा शब्द. तोंडातून. गळ्याच्या भोकाशी काही धरलं नव्हतं, कुठलं यंत्र नव्हतं. मी त्यांच्या तोंडात बघायला लागलो तर म्हणाले, "काय बघतो? आत रेडिओ नाय."

त्यांनी समजावलं ते मी सोप्या शब्दांत सांगतो. फुप्फुसाची हवा आता तोंडाकडं येत नाही. म्हणून तोंडातलीच थोडी हवा जिभेनं मागं दाबून अन्ननळीत उतरवायची, आणि पोटात जायच्या आत ढेकरेसारखी परत वर आणायची. त्या ढेकरेवर अक्षर बसवायचं. एवढंच. हे "एवढंच" यायला मला आठ महिने लागले.

त्यांनी गोटी सोड्याची बाटली फोडून माझ्या हातात दिली. "पी. ढेकर आली की तिच्यावर 'पा' म्हण."

ढेकर आली, 'पा' आलं नाही. पुन्हा. तिसऱ्या बाटलीला माझं पोट नगाऱ्यासारखं झालं. मी जोर लावला, मोर्च्यात लावायचो तसा पोटापासून. तर गळ्याच्या भोकातून फुस्स. रुमाल उडाला. पिंटोसाहेब निःशब्द हसले. आम्हा लोकांचं हसू असंच.

"जोर नको रे बाबा! जोर लावलास की हवा पळते. तू काय काम करत होता?"

मी खिशातलं आमचं एक पत्रक काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून वरची ओळ वाचली. सगळी उद्गारचिन्हं.

"तरीच," ते म्हणाले. "आता ऐक. भाषण विसर. मी शिट्टी वाजवणारा माणूस होतो. माझ्या शिट्टीशिवाय गाडी हलायची नाय. आता चहा फुंकता येत नाय. रडलो? रडलो. मग? मग बोलायला शिकलो. तू हळू बोलायला शीक. हळू."

मी आयुष्यात हळू काही केलं नव्हतं. हळू बोलणारा माणूस आमच्यात दबलेला समजतात. पण दर रविवारी दौंडला जायला लागलो. पा, टा, का. बा, डा, गा. घरी शांता तांदूळ निवडत बसायची आणि मी समोर बसून ढेकरा द्यायचो. पहिलं स्वच्छ 'पा' आलं तेव्हा ती सुपावरून मान वर न करता म्हणाली, "आलं." मग बराच वेळ तिला खडा सापडेना. डोळे पुसत होती.

पिंटोसाहेबांनी एकदा आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला तेव्हा नीट समजली नाही. म्हणाले, "एका हवेत तीन शब्द, जास्तीत जास्त चार. मग थांबावं लागतं. तू थांबला की समोरचा तुझं वाक्य पुरं करेल. प्रेमानं करेल. त्याला करू देऊ नको. करू दिलं तर तू मुका होशील, आणि कुणाला कळणार पण नाय."

कंडक्टर

मधे एक लहानशी गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. दौंडच्या एस.टी.त मी दर वेळी कंडक्टरला हातानं दाखवायचो. एका रविवारी त्यानं विचारलं, "कुठं?" आणि मी म्हणालो, "दौंड."

त्यानं मान हलवली. "एक का दोन?"

झालं. एवढंच. तो दचकला नाही, "अरे वा बोललास!" म्हणाला नाही, माझ्या गळ्याकडं बघितलं नाही. त्याच्या लेखी एका उतारूनं गावाचं नाव सांगितलं होतं. "एक," मी म्हणालो. तिकीट घेऊन खिडकीकडं तोंड केलं आणि वाटेतलं न्हावरा गाव मागं पडेपर्यंत कुणाला तोंड दाखवलं नाही. त्या कंडक्टरला आपण काय दिलं ते माहीतही नाही.

अर्धी घोषणा

वस्तीत बातमी पसरली: बबन बोलायला लागला. माणसं जमली. आणि इथं जे झालं ते दुसऱ्या कुठल्या आळीत झालं नसतं.

घोषणेची एक रीत असते. पुढचा अर्धी देतो, लोक अर्धी पुरी करतात. पुढचा म्हणतो, "कोण म्हणतो देणार नाही!" आणि मागून येतं, "घेतल्याशिवाय राहणार नाही!" दहा वर्षं मी या लोकांना हेच शिकवलं होतं. माझ्या तोंडून अर्धं निघायचा अवकाश, उरलेलं त्यांनी उचललंच पाहिजे. आता मी दोन-तीन शब्द बोलून हवेसाठी थांबायचो, आणि सगळी वस्ती उरलेलं पुरं करायची!

"मला जरा—"

"पाणी द्या त्याला!"

"पाणी नको, मी—"

"झोपायचंय त्याला! उठा, उठा!"

माझा मित्र अंकुश त्यात सगळ्यांत पुढं. जिवाला जीव देणारा माणूस. दवाखान्यात रक्त दिलं त्यानं. तो माझ्या शेजारी उभा राहून माझं बोलणं लोकांना समजावून सांगायला लागला. मी दोन शब्द बोलायचो, अंकुशचं त्यावर दहा मिनिटं भाषण. "दादाला असं म्हणायचंय की..." दादाला तसं अजिबात म्हणायचं नसायचं! एकदा तर त्यानं माझ्या नावानं एका माणसाला शिव्या दिल्या. मी त्या माणसाला नुसतं "या बसा" म्हणायला गेलो होतो.

मग नळाचं प्रकरण आलं. दुष्काळानंतर गावात नवी पाण्याची लाईन टाकत होते आणि आमच्या वस्तीला एक नळ मिळायचा होता. ठरल्या जागी, म्हणजे थेट मोठ्या रस्त्याच्या कडेला. त्या रस्त्यानं दिवसभर ट्रक. हंडे घेऊन रांगेत उभ्या राहणार त्या बाया आणि पोरी. मला वाटत होतं नळ आत, समाजमंदिराच्या मागं मोकळी जागा आहे तिथं द्यावा. मी निवेदन लिहून दिलं होतं. पाण्याच्या कामाचे साहेब ते वाचून स्वतः आले. म्हणाले, "कागद वाचला. जागा कळत नाही. कुणीतरी नीट सांगा."

मी पुढं झालो. मनात वाक्य जुळलेलं होतं. हवा घेतली. "पाणी—"

"आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं!"

शंभर माणसं. बाया, पोरं, सगळी. अंकुशनं हात वर केला आणि पुन्हा एकदा झाली. मी हात हलवून थांबवायला गेलो, त्यांना वाटलं मी जोर वाढवायला सांगतोय. साहेबांनी चारदा कानामागं हात धरून बघितला, मग म्हणाले, "ठीक आहे, पुढच्या आठवड्यात येतो. तोवर ठरवा काय ते." आणि जीपमध्ये बसले.

साहेब वाईट नव्हते. ऐकायला आले होते. आम्हीच ऐकू दिलं नाही. आणि लोक मला पाठीवर थोपटत होते, "जुना बबन परत आला!"

जुना बबन घरी गेला आणि त्यानं पाटी पुन्हा हातात घेतली. तीन दिवस एक अक्षर बोललो नाही. पिंटोसाहेबांचं बोलणं आता समजलं. आवाज गेला तेव्हा मी मुका झालो नव्हतो. आता होत होतो, आणि माझ्यावर प्रेम करणारी माणसंच करत होती. पुढच्या आठवड्यात अंकुश बोलेल, चांगलंच बोलेल. मग त्याच्या पुढच्या वेळी तोच. मग जन्मभर.

नदीवर

चौथ्या दिवशी शांतानं पाटी माझ्या हातातून काढून घेतली.

"माझ्याशी बोला."

मी नाही म्हणून मान हलवली.

"तुमचं ऐकायला कुणाला सवड न्हाई आसं वाटतं व्हय? मला हाय. बोला."

मी बोललो. तुकड्यातुकड्यानं. नळ कुठं हवा, का हवा. मधे थांबलो तर तिनं ओठ दातांखाली धरले होते. तिलाही माझं वाक्य पुरं करायचा मोह होत होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. किती महिने ती तो मोह गिळत होती!

माझं झाल्यावर ती म्हणाली, "आत्ता कळलं. जागा बराबर हाय." आणि धुणं घेऊन नदीवर गेली.

नदीवर काय झालं ते मला सखूआत्यानं सांगितलं. शांतानं साऱ्या बायांना गोळा करून सांगितलं, "साहेब आलं की कुणी तोंड उघडायचं न्हाई. आमचं मालक बोलणार हायती." (मालक म्हणू नको असं मी तिला हजारदा सांगितलं आहे.)

एक बाई म्हणाली, "आन् घोषणा?"

"घोषणा न्हाई."

"आगं, पर त्यो मधीच गप बसतो. मग आपुन काय करायचं?"

"आपुन बी गप बसायचं."

"आन् खोकला आला तर?"

"गिळायचा."

"आन् अंकुश?"

इथं सखूआत्या स्वतःच म्हणाली, "अंकुशाचं मी बघती." तिनं काय बघितलं ते अंकुशनं मला कधी सांगितलं नाही. साहेब आले त्या दिवशी मात्र तो दोन्ही हात मागं बांधून सखूआत्याच्या शेजारी शाळेतल्यासारखा उभा होता.

वाक्य

साहेब जीपमधून उतरले आणि लोकांकडं बघून जरा बिचकले. गेल्या वेळेपेक्षा माणसं जास्त होती, आणि कुणी काही बोलत नव्हतं.

मी पुढं गेलो. रस्त्यानं एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत थांबलो. हवा घेतली. जोर लावला नाही.

"साहेब. नळ इथं—"

थांबलो. हवा. कुणी पुरं केलं नाही.

"रस्त्यावर नको. बाया उभ्या—"

थांबलो. पुढच्या रांगेतल्या एका पोरीचे ओठ हलले, आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"राहतात. ट्रक येतो. पोरं धावतात."

शंभराच्या वर माणसं. या लोकांना मी दहा वर्षं ओरडायला शिकवलं. गप्प बसायला कुणी शिकवलं नव्हतं, ते त्यांनी माझ्यासाठी आठवड्यात शिकून घेतलं होतं. कुणाच्या कपाळावर घाम, कुणी पदर तोंडात धरलेला, अंकुशच्या मानेची शीर तटतटलेली. ओरडण्यापेक्षा किती जड काम होतं ते! मी हवेसाठी थांबायचो आणि ते सगळे माझ्याबरोबर थांबायचे. मला वाटतं काही जणांनी श्वाससुद्धा धरला होता.

"नळ आत द्या. समाजमंदिराच्या मागं. जागा मोकळी आहे. मी दाखवतो. चला."

एवढं बोलायला किती वेळ लागला मला माहीत नाही. साहेब पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडं बघत होते, गळ्याकडं नाही. मग म्हणाले, "चला, दाखवा."

नळ पुढं आत आला. तो माझ्या एकट्याच्या बोलण्यानं आला असं मी म्हणणार नाही, निवेदनं होती, हेलपाटे होते. हे मी नळासाठी लिहीत नाही. ज्याच्या घरी असा माणूस परत येईल त्या घरासाठी लिहितो. त्याला दूध द्या, औषध द्या, पण सगळ्यांत आधी त्याच्यासमोर गप्प बसायला शिका. आमच्यासारख्या बोंबलणाऱ्या वस्तीला जमलं, तुम्हालाही जमेल.

साहेब जागा बघायला वळले, तरी लोक जागचे हलले नाहीत. टाळी नाही, घोषणा नाही. मला कळेना काय झालं. मग सखूआत्यानं गर्दीतून मान पुढं काढली आणि अगदी दबक्या आवाजात विचारलं,

"बबन, झालं का रं तुझं?"

खरं तर झालं होतं. पण सगळे माझ्याकडं बघत होते, वाट बघत होते, आणि मला कळलं की माझ्याकडं अजून बरंच आहे. आठ महिन्यांचं. त्याच्याही आधीचं. मी हवा घेतली.

"नाही," मी म्हणालो. "अजून आहे."

आणि ते पुन्हा गप्प राहिले.